यंदा यादीत लिहायला काहीच नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात राहतो. इंजिनीअरिंगनंतर काही वर्षं पुण्यात नोकरी केली, मग वडिलांचं कृषी सेवा केंद्र बघायला गावी परत आलो. कॉलेजातला आमचा पाच जणांचा कंपू अजून टिकून आहे. दोघं पुण्यात, एक बेंगळुरूला, एक टोरंटोला आणि मी इथे. २००९ च्या डिसेंबरात आम्ही त्या वर्षात आपापल्याला आवडलेले पाच सिनेमे, पाच गाणी आणि एक गेम अशी यादी जर्नलच्या पाठकोऱ्या पानावर लिहून हॉस्टेलच्या दाराला आतून चिकटवली. तेव्हापासून दर ३१ डिसेंबरला प्रत्येकाची यादी येते, आधी मेलवर, आता व्हॉट्सॲपवर. तीन वर्षांपूर्वी माझ्या यादीत सगळी जुनी गाणी होती. त्यावर टोरंटोच्या मित्राने, ज्याची यादी नेहमी सगळ्यात लांब असते, लिहिलं, "अजून नव्वदच्या दशकातच आहेस का रे?" सगळ्यांनी हसायच्या इमोजी टाकल्या, मीही टाकली. पण गेल्या वर्षी मी वर्तमानपत्रातल्या वर्षअखेरीच्या लेखांतून नावं उचलली. पाचांपैकी तीन सिनेमे मी पाहिलेलेच नव्हते. पुण्यातल्या मैत्रिणीने माझी यादी वाचून त्यातला एक पाहिला, तिला फार आवडला, आणि तिने फोन करून त्याच्याबद्दल खूप वेळ गप्पा मारल्या. मी नुसता "हो ना, हो ना" करत राहिलो. यंदा तर सांगण्यासारखं काहीच नाही. जुलैत वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू अजून नीट नाही, बोलणंही तुटक आहे. दुकान, दवाखाना, घर यातच वर्ष गेलं. गोडाऊनमध्ये रेडिओ चालू असतो तेवढाच. रात्री वडिलांना नाट्यगीतं लावून देतो, मुलगी तिच्या मोबाइलवरच्या गेममध्ये मला ओढते. याला काय यादी म्हणायची? मित्रांना वडिलांचं सांगितलेलं नाही, वर्षातून एकदा मजा असते, ती कशाला बिघडवायची. ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडावं असं वाटतंय. दुकानदाराला कसली आलीय आवड?

प्रिय मित्र,

ग्रुपमधून बाहेर पडायचं की नाही हे आज ठरवू नका. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीपासून तुमच्या भागात शेतीच्या औषधांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते हे मला माहीत आहे. ढग आले की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने लोक पहाटेच शटर वाजवतात, आणि त्यात घरात आजारी माणूस. अशा तीन महिन्यांच्या शेवटी, थकलेल्या डोक्याने, पंधरा-सोळा वर्षांच्या मैत्रीचा निकाल लावू नये. आठ-पंधरा दिवस थांबलात तर काही बिघडणार नाही.

आता तुमचं पत्र तुम्हीच पुन्हा वाचा, विशेषतः शेवटचा भाग. यंदा सांगण्यासारखं काहीच नाही असं लिहून पुढच्या चार ओळींत तुम्ही तीन गोष्टी सांगितल्या आहेत: गोडाऊनमधला रेडिओ, वडिलांची नाट्यगीतं, मुलीचा गेम. लिहिल्यात मात्र सबब सांगावी तशा. यादी म्हणून मला त्या पुरेशा वाटतात, इतकंच नव्हे, गेल्या वर्षीच्या तुमच्या यादीपेक्षा त्या कितीतरी वाचनीय वाटतात.

तुमच्या मनात एक समजूत पक्की बसली आहे, की यादीत जायला गोष्ट नवी हवी, याच वर्षातली हवी आणि चार जाणत्या लोकांनी वाखाणलेली हवी. हा नियम केला कुणी? हॉस्टेलच्या दारावरची ती पहिली यादी आठवून बघा. २००९ मध्ये पेन ड्राइव्हवरून जे हाताला लागायचं तेच तुम्ही बघत होता. त्यातलं किती त्या वर्षातलं असेल? एखादा दहा वर्षं जुना इंग्रजी सिनेमा, कुणाच्या तरी दादाने भरून दिलेली गाणी, खोल्याखोल्यांतून केबल टाकून रात्रभर खेळलेला काउंटर स्ट्राइक. आणि तो गेम तरी कुठे नवा होता? या वर्षी मला काय भेटलं, एवढाच त्या यादीचा अर्थ होता. पुढे मित्र शहरांत गेले, हातात पैसे आले, नवं लगेच मिळू लागलं आणि यादीही आपसूक नव्याची झाली. कुणी मुद्दाम केलं नाही, पण त्यामुळे तुम्ही मागे पडलात असं तुम्हाला वाटू लागलं.

नवं सगळ्यांना सारखं मिळत नाही, हे तर उघडच आहे. टोरंटोचा मोठा चित्रपट महोत्सव सप्टेंबरात असतो, गोव्यातला इफ्फी नोव्हेंबरात, पुण्यातला पिफ सहसा जानेवारीत. महोत्सवात गाजलेला सिनेमा ओटीटीवर यायला महिनोन्‌महिने लागतात, काही तर येतच नाहीत. कॅनडात एखाद्या ॲपवर दिसणारा सिनेमा त्याच ॲपवर भारतात नसतो, कारण हक्क देशागणिक वेगळे विकले जातात. तालुक्याच्या गावात मल्टिप्लेक्स नाही, आणि चांगला मराठी सिनेमा जिल्ह्याच्या ठिकाणी लागला तरी आठवडाभरात उतरतो. कन्सोलवरचा नवा मोठा गेम चार-पाच हजारांना पडतो. तुमच्या आणि टोरंटोच्या मित्राच्या यादीत जो फरक दिसतो, त्यातला बराचसा एवढाच आहे. तो आवडीनिवडीचा फरक आहे असं समजून तुम्ही स्वतःला कमी लेखत आहात.

"दुकानदाराला कसली आलीय आवड" हे वाक्य मला फार लागलं. कुणाची आवड मोजायची आणि कुणाची नाही, हा प्रश्न आपल्याकडे एकदा सरकारी पातळीवर निघाला होता. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कैवारी. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमातली गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. लोकांनी सिलोन लावलं. पानाच्या ठेल्यावर, चाळीत, सलूनमध्ये बुधवारी रात्री गर्दी व्हायची, आणि वर्ष संपताना कोणतं गाणं पहिल्या पायदानावर येतंय यावर घराघरांत वाद व्हायचे. गाणी ठरवताना रेकॉर्डच्या विक्रीबरोबर गावोगावच्या श्रोता संघांची पत्रंही धरली जात. म्हणजे मत देणाऱ्यांत दुकानदार होते, गिरणी कामगार होते, विद्यार्थी होते. शेवटी आकाशवाणीलाच नमतं घ्यावं लागलं आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली. आज तुमच्या गोडाऊनमध्ये खतांच्या पोत्यांजवळ जो रेडिओ वाजतो, त्यावर विविध भारती लागत असेल तर ती अशा माणसांच्या आवडीमुळे लागते.

जाणकारांची यादीही काही दगडावरची रेघ नसते. साइट अँड साउंड हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना जगातले सर्वोत्तम सिनेमे विचारतं. १९६२ ते २००२ सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’ पहिला आला. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ आला. २०२२ मध्ये पहिला आला तो शांताल अकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा सिनेमा, जो आधीच्या खेपेला पहिल्या दहातही नव्हता. एक विधवा बाई स्वयंपाक करते, बटाटे सोलते, घर आवरते, हे त्यात तीन तासांहून जास्त वेळ बघायचं असतं. सिनेमा सत्तेचाळीस वर्षं तोच होता. विचारलेली माणसं वाढली, बदलली, त्यांच्या नजरा बदलल्या. यादी वाचून सिनेमापेक्षा यादी करणाऱ्या माणसांबद्दल जास्त कळतं, आणि मित्रांच्या याद्या आपण वाचतो त्या नेमक्या याचसाठी.

म्हणून गेल्या वर्षीची तुमची यादी फसली असं मी म्हणेन. सिनेमे चांगलेच असणार. पण त्यात तुम्ही नव्हता. मेसमध्ये पाच जण डबे उघडून बसलेत आणि एकाने हॉटेलातली भाजी घरच्या डब्यात भरून आणली, तर पोट सगळ्यांचं भरतं, पण त्याच्या घरी काय शिजलं ते कुणालाच कळत नाही.

आता त्या फोनबद्दल. हे प्रकरण तुम्हाला वर्षभर टोचतंय, आणि टोचायला हवंच, कारण इथे सिनेमापेक्षा तुमचा शब्द गुंतला आहे. मैत्रिणीने तुमच्या शब्दावर दोन-अडीच तास खर्च केले आणि वर मनापासून बोलायला फोन केला. तिला सांगून टाका. सगळ्या ग्रुपपुढे कबुलीजबाब देऊ नका. त्याची गरज नाही, आणि तिथे पुन्हा इमोजींचा पाऊस पडून विषय हसण्यावारी जाईल. फक्त तिला, वेगळं. फोनवर जमत नसेल तर लिहून पाठवा. असं काहीसं:

"गेल्या वर्षी माझी यादी वाचून तू जो सिनेमा पाहिलास, तो मी स्वतः पाहिलेला नव्हता. यादी रिकामी दिसू नये म्हणून नाव टाकलं होतं. तू इतकं मनापासून बोलत होतीस आणि मी नुसता हो ला हो करत होतो, ते तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. या रविवारी बघतोय. झाला की फोन करतो, चालेल ना?"

आणि खरंच बघा. तिने त्या दिवशी काय काय सांगितलं होतं त्यातलं थोडं आठवत असेल, ते मनात ठेवून बघा. त्या गप्पा दुसऱ्यांदा होतील तेव्हा तुम्हालाही बोलायला काही असेल. तिला राग आला तर? येऊ शकतो. आला तर तो रास्त आहे, आणि चार दिवसांत ओसरेल. एका रविवारच्या रागाने तुटण्याइतकी ही मैत्री कच्ची असती तर यादीची प्रथा इतकी वर्षं टिकलीच नसती.

टोरंटोच्या मित्राबद्दल मी जरा सावकाश बोलतो. त्याचं वाक्य टोमणा होता की हॉस्टेलमधली नेहमीची खेचाखेची, हे पत्रावरून मला ठरवता येत नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही तेव्हा ठरवता आलं नसावं. समोरासमोर असता तर त्याचा चेहरा दिसला असता, तुम्हीही एक शिवी हासडली असती आणि विषय संपला असता. मोबाइलच्या पडद्यावर फक्त अक्षरं आली आणि ती तीन वर्षं तुमच्याजवळ राहिली. त्याला बहुधा ती आठवतही नसतील. दुसरीही एक शक्यता बोलून ठेवतो. तुमच्या पत्रातून त्याची यादी सगळ्यात लांब असते असं दिसतं. इतके सिनेमे, इतके गेम कुठला माणूस बघतो-खेळतो? कदाचित खूप हौशी माणूस. कदाचित असा माणूस, ज्याच्या संध्याकाळी रिकाम्या असतात आणि बाहेर उणे दहा तापमान असतं. मला माहीत नाही. पण तुम्ही तरी त्याला कधी विचारलंत, की हे सगळं तू कुणाबरोबर बघतोस? तुमच्याकडे गोष्टी कमी आणि माणसं भरपूर, त्याच्याकडे उलटं, असंही असू शकतं. एकदा त्याला ग्रुपबाहेर, एकट्याला विचारून बघा. आणि यंदा तुमची खरी यादी पाठवल्यावरही त्याने तसंच काही लिहिलं, तर इमोजी टाकू नका. "हे मला लागतं रे," एवढं साधं लिहा. मोठी माणसं एकमेकांना हे सांगू शकतात.

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: मित्रांना वडिलांचं सांगितलेलं नाही. जुलैपासून डिसेंबर. ज्यांच्याबरोबर कॉलेजची वर्षं काढलीत, ज्यांच्या घरी तुमच्या वडिलांनी द्राक्षांच्या पेट्या पाठवल्या असतील, त्यांना हे माहीत नाही. तुम्ही म्हणता मजा कशाला बिघडवायची. मी विचारतो, याद्यांखेरीज तुमच्यात आता काय बोललं जातं? बऱ्याच जुन्या कंपूंचं असं होतं. आधी मैत्री असते आणि तिच्यात याद्या असतात. वर्षं जातात, फोन कमी होतात, भेटी लग्नांपुरत्या उरतात, आणि मग एक दिवस फक्त याद्या राहतात. त्या राहिल्या हे चांगलंच आहे, त्यांच्यामुळे दार उघडं राहिलं. पण उघड्या दारातून कुणी आत यायला हवं ना? तुम्हाला ग्रुप सोडावासा वाटतो त्याचं खरं कारण मला यादी वाटत नाही. तुमचं वर्ष असं गेलं आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही, हे ते कारण आहे. आणि त्यांना पत्ता नाही कारण तुम्ही तो दिला नाही.

तेव्हा यादीच्या आधी, ३१ तारखेची वाट न बघता, चार ओळी टाका. बाबांना जुलैत झटका आला, आता बरे आहेत, उजवी बाजू अजून नीट नाही, बोलणं तुटक आहे, आधी सांगायचं राहून गेलं. बस. सहानुभूती मागायची नाही, लपवायचंही नाही. हे यादीच्या आत घालू नका, नाहीतर सगळ्यांना यादीवर काय बोलावं कळणार नाही. आधी हे, मग दोन-चार दिवसांनी यादी.

यादीत काय लिहाल? मला सुचतं ते सांगतो, बदल तुम्ही करा.

गाणं एकच लिहा. वडिलांना लावून देता त्यातलं एक नाट्यपद. मास्टर दीनानाथांचं असो, छोटा गंधर्वांचं असो, जे ऐकताना त्यांचा डावा हात मांडीवर ठेका धरतो किंवा डोळे मिटतात ते. झटक्यानंतर बोलणं अडखळलेल्या काही रुग्णांना गाण्याचे शब्द मात्र म्हणता येतात, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वडील सोबत गुणगुणतात का, ओळ पुरी करतात का, याकडे लक्ष द्या आणि त्यांच्या स्पीच थेरपिस्टना सांगा. यादीत फक्त तेवढीच एक ओळ लिहा, की बाबा या ठिकाणी माझ्याआधी ओळ पूर्ण करतात. असं काही घडत नसेल तर जे घडतं ते लिहा. पण घडतं तेच लिहा.

हे गाणं कुठल्याही ॲपच्या वर्षअखेरीच्या हिशेबात येणार नाही. स्पॉटिफायने २०१६ पासून ‘रॅप्ड’ नावाचा असा हिशेब काढला, गेम विकणाऱ्या स्टीमने २०२२ पासून गेमचा वार्षिक आढावा द्यायला सुरुवात केली, आणि आता जो तो तेच चौकोनी चित्र पुढे ढकलतो. बघायला गंमत वाटते. पण ॲप फक्त वेळा मोजतं. मुलीने एकच गाणं शंभरदा लावलं तर ते तुमचं आवडतं गाणं होतं, आणि रेडिओवर एकदाच लागलेलं, ऐकताना गिऱ्हाइकाला "दोन मिनिटं थांबा" म्हणायला लावणारं गाणं कुठेच दिसत नाही. ते तुम्हालाच लिहावं लागतं.

गेमचं तर सोपं आहे. मुलीचा गेम कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. माइनक्राफ्ट असेल असं धरून चालतो, कारण पुष्कळ पोरं त्यातच असतात. तर तो २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला गेम आहे, २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या, आणि जगातला सर्वाधिक खपलेला व्हिडिओ गेम तोच. तेव्हा लाजण्यासारखं त्यात काही नाही. एकाच वायफायवर दोन मोबाइल असले की बाप आणि मुलगी एकाच जगात उतरू शकतात. हॉस्टेलमध्ये केबल टाकून तुम्ही जे करत होता, तेच हे आहे, फक्त समोर कोण बसलंय ते बदललं. गेम दुसरा कुठला असला तरी लिहा तो, आणि मुलीने तुम्हाला काय बांधायला किंवा काय आणायला लावलं तेही लिहा.

सिनेमा? एकही पाहिला नसेल तर "एकही नाही" असं लिहा. रकाना रिकामा ठेवायची हिंमत एकाने दाखवली की बाकीच्यांनाही सुटल्यासारखं होतं. तुमच्यातल्या आणखी एखाद्यानेही वर्तमानपत्रातून नावं उचललेली असली तर मला नवल वाटणार नाही.

अशा याद्या करणारे कंपू पुष्कळ आहेत, आणि यासारखी पत्रं मला इतरांकडूनही येतात. कुणाची तक्रार असते की आमची यादी कुणी वाचतच नाही, कुणाची की वाचूनही कुणी काही बघत नाही. त्यांच्यासाठीही थोडं लिहितो. पाच-पाच नावं हा आकडा विद्यार्थीदशेतला आहे, तेव्हा वेळच वेळ होता. चाळिशीकडे झुकलेल्यांनी प्रत्येक रकान्यात एक नाव आणि त्यापुढे दोन ओळी एवढंच ठेवावं: कुठे पाहिलं किंवा ऐकलं, सोबत कोण होतं. "अप्रतिम, चुकवू नका" याने कुणी काही बघत नाही. "रात्री अकराला पोरं झोपल्यावर लावला आणि एक वाजेपर्यंत उठलो नाही" याने बघतं. सिनेमा आपल्याकडे कुठे मिळतो, किती लांबीचा आहे, सबटायटल कोणती आहेत, हेही लिहावं. परदेशातल्याने भारतात तो दिसतो का ते मित्राला विचारून मगच लिहावं. क्रमांक देऊ नयेत. क्रमांक आले की भांडण येतं, आणि बारीकशी चढाओढही.

सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती मला एका वाचकाने कळवली होती: प्रत्येकाने दुसऱ्या एकाच्या यादीतली एकच गोष्ट उचलायची आणि गुढीपाडव्यापर्यंत बघून, ऐकून किंवा खेळून त्याला फोन करायचा. मेसेज नाही, फोन. यादी मग ३१ डिसेंबरला संपत नाही.

गेमच्या बाबतीत पैशाचा प्रश्न खरा आहे, त्याला वाटा आहेत. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. मित्राने सुचवलेला गेम तेवढ्यात पारखून घेता येतो. ‘इट टेक्स टू’ हा २०२१ चा गेम दोघांनी मिळूनच खेळायचा असतो आणि एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट खेळता येतो. वेगवेगळ्या देशांतल्या मित्रांना हे चांगलं. ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नाही अशा मित्राला तीस तासांचा गेम सुचवू नका. ‘फ्लोरेन्स’ मोबाइलवर चालतो आणि पाऊण तासात संपतो. एका मुलीच्या पहिल्या प्रेमाची गोष्ट आहे. गेम म्हणजे नुसती मारामारी असं समजणाऱ्यांना तो द्यावा.

तारखेचंही बघा. ३१ डिसेंबर ही नोकरदारांच्या सुट्टीची तारीख आहे. तुमची नाही. तुमच्याकडे तेव्हा फवारण्या संपलेल्या नसतात आणि उधारीच्या वह्या उघड्या असतात. पूर्वी विद्यार्थी म्हणून पाचही जण एकाच वेळी मोकळे होता, आता नाही. याद्या मे महिन्यात ठेवूया असं सुचवून बघा. द्राक्षं संपलेली असतात, पोरांना सुट्ट्या असतात, बाहेरगावचे कधीकधी घरी येतात. कुणी एक तुमच्याकडे आलाच तर वडिलांनाही भेटेल. ते नाही जमलं तर तुमची यादी तुम्ही सवडीने पाठवा, उशिरा आली म्हणून कुणी दंड लावत नाही.

आणि हे सगळं करूनही जमलं नाही तर? वडिलांचं कळल्यावरही ग्रुपवर फक्त हात जोडलेल्या इमोजी आल्या, फोन एकाचाही आला नाही, याद्यांमधली ऐट तशीच राहिली, तर बाहेर पडायला माझी हरकत नाही. दर वर्षअखेरीला स्वतःला कमी वाटून घ्यायला कुणी बांधील नसतं. पण गुपचूप जाऊ नका. "मला आता हे जमत नाही, तुम्ही चालू ठेवा, फोनवर आहेच," इतकं लिहून जा, आणि ज्या एक-दोघांशी खरंच जमतं त्यांच्याशी वेगळं बोलत राहा. पुण्याच्या मैत्रिणीशी तर नक्कीच, तिने तुमचं नाव वाचून सिनेमा लावला होता.

पण मला वाटतं गोष्टी तिथवर जाणार नाहीत. आधी मैत्रिणीला मेसेज करा, मग ग्रुपवर वडिलांबद्दल लिहा. टोरंटोच्या मित्राला फोन करायचा झाला तर दुकान बंद केल्यावर, रात्री नऊच्या सुमारास करा. हिवाळ्यात ते साडेदहा तास मागे असतात, त्यामुळे त्याच्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतील. मात्र रविवार बघून करा, इतर दिवशी तो कामावर असेल.